दहेज–घोघा फेरी बंद : नाशिकहून सौराष्ट्रात बाइक नेणाऱ्यांनी आता काय धरून चालायचं

गोदाकाठचा (धागाकर्ता)

दिवाळीच्या आसपास नाशिकहून दीव, सोमनाथ, गीर करणाऱ्यांच्या आखणीत अजूनही "भरूच–दहेज, तिथून फेरीने घोघा" ही ओळ सापडते, म्हणजे खंभातच्या आखातापलीकडे भावनगरजवळच्या घोघ्याला बोटीने जायचं. जुन्या प्रवासवर्णनांतून ती जशीच्या तशी उचललेली असते. ती ओळ खोडा. दहेजहून फेरी सप्टेंबर २०१९ पासून सुटत नाही.

क्रम असा. २२ ऑक्टोबर २०१७ ला घोघा–दहेज सेवेचं उद्घाटन झालं, तेव्हा फक्त माणसं जात होती. गाड्या चढायला लागल्या त्या ऑक्टोबर २०१८ पासून, 'व्हॉयेज सिंफनी' हे रोपॅक्स जहाज आल्यावर. रोपॅक्स म्हणजे माणसं आणि वाहनं दोन्ही नेणारं. समुद्रातून ३१ किलोमीटर, रस्त्याने तीनशेच्या वर. जेमतेम वर्षभर वाहनं गेली आणि दहेजच्या धक्क्यापाशी गाळ साचून पाणी पुरेना म्हणून सेवा थांबली. ८ नोव्हेंबर २०२० ला तेच जहाज सुरतेजवळच्या हजिऱ्याहून, हजिरा–घोघा मार्गावर लागलं. हा मार्ग समुद्रातून सुमारे ९० किलोमीटरचा.

धागा काढण्याचं कारण वेगळंच आहे. फेरी बंद पडली की मोटारवाला एक्स्प्रेसवे धरतो. आपल्याला तो धरता येत नाही. त्यामुळे फेरी बंद होण्याची खरी झळ दुचाकीला बसते, आणि आखणी करताना हे फार कमी जण हिशेबात घेतात. रस्ते, भरती-ओहोटी, गाडी बांधणं, ज्याला जे नेमकं ठाऊक आहे ते इथे लिहा. "मी गेलो होतो तेव्हा" छापाचे किस्से दुसऱ्या धाग्यावर.

वणीची_वाट

रस्त्याचं मी लिहितो.

नाशिक ते हजिरा साधारण अडीचशे किलोमीटर धरा. वाटा दोन.

पहिली : म्हसरूळ–दिंडोरी–वणी–बोरगाव–सापुतारा–वघई, पुढे वांसदा–चिखली करून राष्ट्रीय महामार्ग ४८. रस्ता देखणा, पण सापुताऱ्याच्या उतारावर सकाळी धुकं असतं आणि सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या मोटारी. फेरी गाठायची असेल तर शनिवार-रविवारी ही वाट नको.

दुसरी : पेठ नाका–पेठ–कपराडा–नानापोंढा–पारडी, मग ४८ वरून वलसाड, नवसारी. सावळघाट आणि कोटंबी घाट उजाडल्यावरच करा. ट्रक असतात, वळणं अरुंद आहेत. अंतर थोडं जास्त, पण वेळेचा भरवसा जास्त.

दोन्ही वाटांनी पुढे पलसाण्याला ४८ सोडायचा आणि राष्ट्रीय महामार्ग ५३ ने थेट हजिरा. सुरत शहरात शिरू नका. हा ५३ म्हणजे आपल्या धुळे–नवापूरवरून येणारा जुना सहा नंबर, तो हजिऱ्यालाच सुरू होतो. शेवटचा टप्पा कारखान्यांचा आहे. अवजड ट्रक, रस्त्यावर सांडलेली खडी आणि तेल. पेट्रोल त्याआधीच भरा, पण टाकी गच्च करू नका. का ते पुढे कोणी तरी लिहीलच.

आता गंमत बघा. नाशिककरासाठी दहेज बंद होणं हा निव्वळ तोटा नाही. दहेजला जायला सुरतेच्या पुढे अंकलेश्वर, भरूच आणि तिथून पश्चिमेला आणखी पंचेचाळीसेक किलोमीटर जावं लागायचं. हजिरा सुरतेलाच आहे. म्हणजे रस्त्याचे शंभरएक किलोमीटर वाचले आणि समुद्राचे साठ वाढले. खरा तोटा भरूच-वडोदऱ्याकडच्यांचा झाला.

सह्याद्री_३५०

+१. पण फेरी चुकली किंवा रद्द झाली तर काय, तेही आखणीतच हवं. सुरत ते भावनगर रस्त्याने सुमारे ३७० किलोमीटर. लिटरला ३० चं अ‍ॅव्हरेज धरलं तर १२ लिटरच्या वर पेट्रोल आणि नाशिकहून निघालेल्याचा दुसरा अख्खा दिवस.

त्यात दुचाकीची अडचण अशी की वडोदरा–अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर आपल्याला बंदी. दिल्ली–मुंबई एक्स्प्रेसवेवरही बंदी. तेव्हा ४८ वरूनच वासद, मग बोरसद–तारापूर–वटामण–धोलेरा–भावनगर.

पाद्र्याहून गंभीरा पुलावरून बोरसदला जायचा शॉर्टकट काही जुन्या नकाशांत आहे. तो पूल ९ जुलै २०२५ ला महीसागर नदीत कोसळला. त्यामुळे वासदचीच वाट धरा.

इंदिरानगरकर

गाळ साचला म्हणून सेवा बंद, हे मला पटत नाही. गाळ काय आज आला का खंभातच्या आखातात? चार नद्या तिथे येऊन मिळतात हे शाळेच्या भूगोलात होतं. धक्का बांधताना दिसलं नाही का? आणि जहाज गेलं हजिऱ्याला, म्हणजे मार्ग 'बंद' कुठे, 'हलवला' म्हणा.

भरतीओहोटी

@इंदिरानगरकर, 'हलवला' मान्य. पण दहेजचा धक्का गाड्यांसाठी बंदच आहे, आणि भरूचच्या माणसाला 'हलवला' म्हणून काही दिलासा मिळत नाही.

गाळाचं जरा सविस्तर, कारण याच्यावरूनच कुठली फेरी टिकेल हे ओळखता येतं.

खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आहे. तोंड रुंद, आत निमुळतं. भरतीचं पाणी आत शिरताना त्याला पसरायला जागा नाही म्हणून ते वर चढतं. भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक उधाणाला १० मीटरच्या आसपास जातो. मुंबईत तो साधारण त्याच्या निम्मा. भावनगर बंदराला म्हणूनच लॉक गेट आहे, ओहोटीत पाणी अडवून ठेवायला. अलंगला जहाजं तोडतात तीही याच पाण्याच्या जिवावर. उधाणाच्या भरतीला जहाज स्वतःच्या ताकदीने किनाऱ्यावर चढवायचं, पाणी उतरलं की ते कोरडं पडतं. जे पाणी अलंगचं पोट भरतं तेच फेरीच्या मुळावर येतं.

एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करतं तेव्हा प्रवाह जोरदार असतो आणि तळाचा गाळ कायम ढवळलेला राहतो. दहेज नर्मदेच्या मुखाजवळ. नदीचा गाळ वेगळा, आखाताचा वेगळा. धक्क्यासमोर ड्रेजरने (गाळ उपसणाऱ्या यंत्राने) खोल केलं की तिथे खड्डा तयार होतो, खड्ड्यात पाणी संथ होतं, आणि संथ पाण्यात गाळ बसतो. म्हणजे जितकं खोल कराल तितकं ते भरायला सोपं. एकदा ड्रेजिंग करून भागत नाही, ते कायमचं चालू ठेवावं लागतं, आणि तो खर्च तिकिटातून निघत नाही.

आता वेळापत्रकाचं. खालचे आकडे समजण्यापुरते आहेत, दहेजचे मोजलेले नाहीत.

समजा जहाज पाण्याखाली ३.५ मीटर आहे आणि तळाखाली अर्धा मीटर मोकळा हवा. म्हणजे ४ मीटर पाणी लागतं. नकाशावरची खोली (म्हणजे ओहोटीच्या सगळ्यात खालच्या पातळीची) २ मीटर असेल तर भरतीने आणखी २ मीटर चढलं की जहाज लागू शकतं. उधाणाला पाणी १ ते ९ मीटरमध्ये फिरतं असं धरलं तर साडेबारा तासांच्या एका फेऱ्यात सुमारे साडेनऊ तास मिळतात. झकास. गाळाने २ मीटर खाल्ले की भरती ४ मीटरची हवी, आणि वेळ उरतो सात तास. आणखी २ मीटर गाळ बसला की पाच. भांगाच्या भरतीला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी ३ ते ७ मध्येच खेळतं. तेव्हा चारच तास.

या चार तासांत आत यायचं, ट्रक उतरवायचे, नवे चढवायचे आणि बाहेर पडायचं. उशीर झाला तर जहाज गाळात बसणार. वर ही खिडकी रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी ९ ची फेरी असेल तर आठवड्याने ती दुपारी पावणेतीनला पडते. असं वेळापत्रक ट्रकवाला सांभाळेल, कुटुंब घेऊन निघालेला माणूस नाही. बंद व्हायच्या आधी वेळा सतत बदलू लागल्या की समजायचं, पाणी कमी पडतंय.

इंदिरानगरकर

हे पटलं. पंचांग बघून फेरी ठरवायची म्हणजे!

भरतीओहोटी

चेष्टा नाही, तसंच आहे. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सगळ्यात मोठं असतं. तेव्हा भरतीला पाणी मुबलक, पण ओहोटीला सगळ्यात कमी, आणि धक्क्याचा उतार सगळ्यात तीव्र. धक्का आणि जहाज यांच्यामध्ये तरंगता पॉन्टून (तराफ्यासारखा धक्का) आणि त्याला जोडलेला लांब पोलादी पूल असतो. पॉन्टून पाण्याबरोबर खाली गेला की पूल कलतो. बाइकवाल्याला ते महत्त्वाचं. ओल्या पोलादी पत्र्यावरचा उतार आहे तो.

पाना_पक्कड

बरोबर, तिथूनच सुरू करतो. अंबडला गाडी बांधायच्या पट्ट्या कुठल्या घ्याव्यात असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

चढताना : पहिला गिअर, एक्सलरेटर एकसारखा, क्लच अर्धा दाबून धरायचा नाही. पुढचा ब्रेक विसरा, लागलाच तर मागचा. पत्र्याचे जोड आडवे असतात ते सरळ ओलांडा, तिरके नाही. मागे बसलेल्याला आधीच उतरवून पायी पाठवा. पुढचा ट्रक पूर्ण वर जाईपर्यंत खालीच थांबा. मध्येच उतारावर थांबायची वेळ आली की दोन्ही पाय घसरतात. २०० किलोची गाडी आणि वर ४० किलोचं सामान हातांनी सावरत नाही.

डेकवर : बांधायची लोखंडी कडी ट्रकच्या अंतराने बसवलेली असतात, बाइकच्या नाही. म्हणून दीड मीटरची पट्टी कमी पडते. चार रॅचेट पट्ट्या (खटक्याने ओढून ताणायच्या), २५ मिमी रुंद, किमान तीन मीटर लांब. वर भार-क्षमतेचं लेबल असलेल्याच घ्या, बिनलेबलच्या स्वस्त पट्टीचं रॅचेट ताणाखाली सुटतं. सोबत चार सॉफ्ट लूप (कापडी फास). हुक थेट हँडलला किंवा क्रॅशगार्डच्या रंगाला लावायचा नाही, लूप गुंडाळून त्यात अडकवायचा.

गाडी बाजूच्या स्टँडवर, पहिल्या गिअरमध्ये, पुढचं चाक शक्य तर भिंतीला किंवा लाकडी ठोकळ्याला टेकवून. स्टँडखाली जुन्या टायरचा तुकडा ठेवा, नाहीतर लोखंडावर लोखंड सरकतं. पुढचा ब्रेक लिव्हर रबरबँडने दाबून बांधा, ट्यूबचा कापलेला तुकडाही चालतो.

पट्ट्या पुढे दोन, मागे दोन. पुढच्या दोन्ही हँडलच्या खालच्या क्लॅम्पपासून, ग्रिपपासून नाही. मागच्या दोन्ही चेसिसच्या नळीपासून किंवा मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटपासून. कोन ४५ अंशांच्या आसपास. आधी डावीकडची, म्हणजे स्टँडच्या बाजूची, हलकी ओढा, मग उजवीकडची. उजवी जास्त ताणली तर गाडी स्टँडवरून उचलली जाते आणि सगळा भार पट्टीवर येतो. सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच.

फोर्क (पुढचं सस्पेन्शन) किती दाबायचा? तो एकूण जितका दबतो त्याच्या एक तृतीयांश, फार तर निम्मा. पार खाली बसवला तर तासन् तास दाबाखाली ऑइल सील गळायला लागतं. अजिबात दाबला नाही तर जहाज डुललं की फोर्क आणखी दबतो, पट्टी सैल होते आणि हुक निसटतो. हुक निसटून बाइक शेजारच्या मोटारीवर पडली की भांडण बाइकवाल्याच्या गळ्यात.

सह्याद्री_३५०

डबल स्टँड असेल तर तो का नाही? चार तास बाजूच्या स्टँडवर गाडी कलून राहते.

पाना_पक्कड

डबल स्टँडवर एक चाक हवेत असतं. त्यामुळे गिअर आणि ब्रेक यांपैकी एक निरुपयोगी होतो, आणि जहाज पुढे-मागे हललं की गाडी स्टँडवरून पुढे उतरते. बाजूच्या स्टँडवर दोन्ही चाकं आणि स्टँड मिळून तीन टेकू. काही जहाजांवर खलाशी सीटवरून एकच आडवा दोर टाकतात. तेव्हा सीटवर जाड कापड ठेवा आणि दोर पॅनिअरवरून (मागे दोन्ही बाजूंना लावलेल्या सामानपेट्यांवरून) जात नाही ना ते बघा. खलाशी सांगेल तसंच शेवटी करायचं. डेक त्याचा.

टाकी गच्च का नको : गाडी कलती, खाली डेक बंदिस्त आणि गरम. पेट्रोल फुगतं आणि झाकणाच्या श्वासनळीतून बाहेर येतं. पाव टाकी रिकामी ठेवा. हलण्याने वाजणारा अलार्म असेल तर बंद करा. तो चार तास वाजत राहतो आणि बॅटरी बसते. हेल्मेट, औषधं, पाणी, कागद सगळं वर न्या. जहाज सुटल्यावर गाड्यांच्या डेकवर सहसा परत जाऊ देत नाहीत.

सिडकोची_ताई

औषधावरून आठवलं. ९० किलोमीटर समुद्र म्हणजे मळमळ होणारच ज्यांना होते त्यांना. प्रोमेथाझिनच्या गोळ्या (अव्होमिन वगैरे) लोक सर्रास घेतात. त्यांची गुंगी उतरायला बराच वेळ लागतो, चार तासांची फेरी संपली तरी ती अंगात असू शकते. घोघ्याला उतरून लगेच महुव्याकडे हाणायचं असेल तर चालवणाऱ्याने ती घेऊ नये, किंवा घेतली तर त्या दिवशी भावनगरला मुक्काम. घोघा ते भावनगर वीस किलोमीटरच्या आत आहे. डॉक्टरांना विचारताना "उतरून गाडी चालवायची आहे" हे मुद्दाम सांगा. आणि जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावर बसा, डुलणं तिथे सगळ्यात कमी.

दुसरं, जरा अवांतर. आपल्याकडची वाइन मित्रांना भेट म्हणून पॅनिअरमध्ये घालू नका. गुजरातेत दारूबंदी आहे, आणि सापुताऱ्याला हद्द ओलांडताच तो गुन्हा होतो.

टेम्स_ते_गोदा

थोडं बाहेरचं, पण विषय तोच. इंग्लंडमध्ये नातेवाइकांकडे जाऊन तिथून भाड्याच्या बाइकने नॉर्वे करायचा बेत आखणारे नाशिकमध्येही आहेत. त्यांच्याही नकाशात एक मेलेली रेघ असते : हार्विच ते एस्बियर, इंग्लंडहून थेट डेन्मार्क. १८७५ पासूनचा मार्ग, सप्टेंबर २०१४ मध्ये बंद. रात्रभराचा, अठरा-एकोणीस तासांचा प्रवास, आणि मोटरसायकलवाल्यांचा लाडका, कारण झोपेत हजारेक किलोमीटरचा रस्ता वाचायचा.

तिथे गाळ नव्हता. १ जानेवारी २०१५ पासून उत्तर समुद्रात जहाजाच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आली, म्हणजे स्वच्छ आणि महाग इंधन घेणं भाग. त्याआधीच स्वस्त विमानांनी प्रवासी नेले होते, आणि १९९९ मध्ये युरोपीय संघांतर्गत ड्यूटी-फ्री विक्री बंद झाल्यावर जहाजावरच्या दुकानाची कमाई गेली होती. लांब मार्गावर इंधन जास्त जळतं, म्हणून पहिला बळी लांब मार्गाचा. न्यूकासल–बर्गेन २००८ मध्येच गेला होता.

आता पर्याय : हार्विच–हूक ऑफ हॉलंड किंवा न्यूकासल–आयमाउडन, मग हॅम्बुर्गवरून डेन्मार्कच्या टोकाला हर्टशाल्स आणि तिथून नॉर्वेची फेरी. हॉलंड ते हर्टशाल्स साधारण हजार किलोमीटर, म्हणजे दोन दिवस धरा. व्हिसा दोन लागतात, ब्रिटनचा वेगळा आणि शेंगेन वेगळा. ब्रिटनला परत येणार असाल तर तिथला व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना ते बघा. आंतरराष्ट्रीय परवाना पेठ रोडच्या आरटीओतून, मुदत एक वर्ष.

गोदाकाठचा

@टेम्स_ते_गोदा, वाखूसा (वाचनखूण साठवली). फरक एवढाच की तिकडे फेरी गेली तरी इंग्लंड–फ्रान्समधल्या चॅनल टनेलमधून मोटरसायकल रेल्वेगाडीत चढवून नेता येते आणि डेन्मार्क–स्वीडनमधल्या ओरेसुंड पुलावर ती चालवता येते. इकडे अटल सेतू दुचाकीला बंद, आपल्या दारातून जाणारा समृद्धी बंद. त्यामुळे भाऊच्या धक्क्याहून मांडव्याची रोरो किंवा दाभोळ–धोपावे अशा फेऱ्या दुचाकीसाठी आजही रस्त्याइतक्याच गरजेच्या आहेत. पूल झाला की फेरीची गरज संपते असं म्हणणाऱ्याने आधी पुलाच्या तोंडावरची पाटी वाचावी.

इंदिरानगरकर

सहमत. पावसाळ्यात हजिरा–घोघा धरायची की नाही?

भरतीओहोटी

जून ते सप्टेंबर धरू नका. नैर्ऋत्येचा वारा थेट आखाताच्या तोंडात शिरतो, फेरी ऐनवेळी रद्द होऊ शकते. गीरही १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं, तेव्हा जायचं कारणही निम्मं उरतं. इतर महिन्यांत निघायच्या आदल्या संध्याकाळी वेळ पुन्हा तपासा, तिकीट काढताना दाखवलेली वेळ अंतिम समजू नका. सुटण्याच्या दीड तास आधी गेटवर.

वणीची_वाट

म्हणजे पेठमार्गे पहाटे निघणाऱ्याने दुपारची किंवा संध्याकाळची फेरी घ्यावी. सकाळची हवी असेल तर आदल्या रात्री नवसारीला मुक्काम.

पाना_पक्कड

एक राहिलं. घोघ्याला उतरलात की पहिल्या मुक्कामी गाडी गोड्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरने नको, त्याने खारं पाणी बेअरिंगमध्ये जातं. साधा पाइप, मग चेन पुसून ल्यूब. ब्रेक डिस्कवर दुसऱ्या दिवशी तांबूस थर दिसेल, दोन-चार वेळा ब्रेक दाबले की जातो. पट्ट्यांची रॅचेटंही धुवा आणि तेलाचा थेंब टाका, नाहीतर परतीच्या फेरीत ती उघडत नाहीत आणि मागे ट्रकांची रांग हॉर्न वाजवत उभी राहते.